दीपस्तंभाशेजारचा ठिपका

घड्याळजी : ...म्हणून सांगतो, आजपासून त्या बेटाच्या टपालाचा इतिहास दोन भागांत मोडणार. माझ्या लेखाच्या आधीचा आणि नंतरचा.

बायको : बरं. त्या इतिहासावरचं कोपर उचला, खाली माझा चष्मा आहे.

घड्याळजी : चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करून जे नाव झालं नाही, ते हे हिरवं तिकीट करून देणार. एवढासा देश, आपल्या गल्लीत त्याच्याहून जास्त माणसं असतील. पण दीपस्तंभाच्या उजवीकडे काळा ठिपका, आणि तो माझ्या एकसष्टच्या एकसष्ट तिकिटांवर, त्याच जागी. म्हणजे छपाईचा ठसाच सदोष होता.

बायको : तुमच्या तिकीटसंग्राहक मंडळातल्या त्या रिटायर्ड पोस्टमास्तरांना नाही दिसला?

घड्याळजी : ते म्हणाले, माझ्या तिकिटांवर असलं काही नाही. मी म्हटलं, डोळे तपासून घ्या. चारचौघांत म्हटलं.

बायको : चारचौघांत कशाला?

घड्याळजी : एकांतात म्हणून काय उपयोग? थांब, तुलाही दाखवतो.

(भिंगावर वाकतो. एकामागून एक सात तिकिटं बघतो.)

बायको : काय झालं?

घड्याळजी : ठिपका नाही. याच्यावरही नाही. अगं, तू माझी तिकिटं धुतलीस की काय?

बायको : तिकिटांना हात लावायची मला लग्नापासून बंदी आहे. मी फक्त काच धुतली.

घड्याळजी : कुठली काच?

बायको : ही. तिकीट सपाट राहावं म्हणून वर ठेवता ती, दुकानातल्या जुन्या टेबलक्लॉकची. चहाचे डाग होते. एक काळा ठिपका काही केल्या निघेना, शेवटी नखानं खरवडला. घड्याळाच्या काट्यांना लावता तो रंग असेल.

घड्याळजी : काचेवर... साधारण कुठे होता?

बायको : कोपऱ्याजवळ. तुम्ही नाही का दरवेळी काचेचा कोपरा तिकिटाच्या कोपऱ्याला अगदी भिडवून ठेवत? शिस्तीत.

घड्याळजी : एकसष्ट वेळा.

बायको : शिस्तच तशी तुमची.

घड्याळजी : पाणी दे जरा. बावीस पानं लिहिली गं मी. सकाळी तुझ्याच हाती पोस्टात दिली. मासिकात छापून येणार, पोस्टमास्तर मंडळात मोठ्यानं वाचून दाखवणार. जन्मभर भिंगातून बघणाऱ्या माणसाला नाकासमोरची काच दिसली नाही, म्हणतील. मला आता त्या दारात पाऊल ठेवता येणार नाही. बुधवारची संध्याकाळ कुठे घालवू मी?

बायको : लेख गेला नाही.

घड्याळजी : म्हणजे?

बायको : पिशवीत आहे. तुम्हीच बजावलं होतं, पाकिटावर यंत्राचा छाप नको, खरी चित्राची तिकिटं लाव, सरळ, आणि कडेचे दाते न मोडता. खिडकीवरची मुलगी म्हणाली, तिकिटं संपलीत, यंत्रातून आत्ता पाठवते. मी म्हटलं, बाई, यंत्राचं लावलं तर घरी आठवडाभर व्याख्यान ऐकावं लागेल, मी सोमवारी येते. रांगेतले सगळे हसले.

घड्याळजी : बघू. आण इकडे. हो, हेच. चिकटवलेलं तसंच आहे. हसू देत बापडे. त्या मुलीचं भलं होवो.

बायको : आणि माझं?

घड्याळजी : तुझं तर आधी. छातीवरून कोणी कपाट उचलल्यासारखं वाटतंय बघ. आता पोस्टमास्तरांना फोन करतो.

बायको : काय सांगणार?

घड्याळजी : त्यांचे डोळे उत्तम आहेत, मी चुकलो. काचेचं विचारलं, तर तेही सांगेन. विचारलं तर.

बायको : नक्की?

घड्याळजी : नक्की. आणि नवा लेख लिहितो. एकसष्ट तिकिटं, सगळी तपासलेली, आणि एकावरही दोष नाही. एवढ्याशा देशानं इतकी निर्दोष छपाई करावी, हे मानवी कारागिरीच्या इतिहासात...

बायको : लिहा की. तेवढं अर्धं टेबल रिकामं करून द्या. पानं वाढायची आहेत.