सांगायचं काही राहिलं का?

बसा, मागचे पुढे या, खुर्च्या आहेत. मी विद्या. शैलाताईंच्या वॉर्डात नऊ वर्षं नर्स. ताईंच्या शोकसभेत बोलायला उठलेय खरी, पण भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या. दुपारचे दोन वाजलेत ना, ही ताईंची ड्यूटीवर यायची वेळ. अजून वाटतंय, चष्मा पुसत त्या दारातून आत येतील.

ताई आमच्या इनचार्ज. ठाकुर्लीहून यायच्या. पन्नाशी उलटल्यावर नर्सिंगमध्ये पीएचडीला बसल्या. मी तोंडावर म्हटलं, "ताई, डॉक्टरेट करून सलाईनच बदलायचं ना?" तर म्हणाल्या, "हो गं. पण कसं बदलायचं ते आपण ठरवायचं. किती दिवस दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचणार?"

विषय काय घेतला? ओव्हर! ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंटची माहिती देते, तो. आम्ही दाराशीच घडाघडा उरकायचो. ताई म्हणाल्या, बेडजवळ उभ्या राहा. शेवटी पेशंटला विचारा, "सांगायचं काही राहिलं का?" आणि थांबा. उत्तर येईपर्यंत थांबा.

आम्ही विचारायचो. थांबायचो कुठे?

ताई थांबायच्या. शहाडच्या एक आजी कितीतरी वेळ छताकडे बघत राहिलेल्या. मी घड्याळ बघतेय, ताई त्यांचा हात धरून उभ्या. मग आजी हळूच म्हणाल्या, "पोरी, गोळ्या मी घेतच नाय. उशीखाली हायत." तीन दिवसांच्या गोळ्या निघाल्या! कागदावर सगळं बरोबर होतं.

मग ताईच आजारी पडल्या. आपल्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या बेडवर. पडद्यातून ऊन यायचं आणि त्या डोळे मिटून हसायच्या. "झोपले नाहीये गं. उल्हास नदीतून चालतेय. पाणी घोट्यापर्यंत आहे, कोमट. तुम्ही सगळ्या पलीकडे उभ्या आहात." मला भीती वाटायची. आणि खोटं कशाला बोलू, तिथेच बसून राहावंसंही वाटायचं.

शेवटच्या दुपारी मी ओव्हर घेतला. विचारलं, "ताई, सांगायचं काही राहिलं का?"

"राहिलंय," म्हणाल्या. डोळे मिटून शब्द शोधत होत्या. आणि मी? शेजारचं सलाईन संपत आलेलं. "आलेच हं ताई," म्हणून वळले. परत आले तेव्हा त्या झोपलेल्या. मग उठल्याच नाहीत.

काय राहिलं होतं? मला कधीच कळणार नाही. ताई, चुकले हो मी.

ताईंच्या गाइड मॅडम इथे बसल्यात. मॅडम, प्रबंध अर्धाच राहिला, त्यांना पदवी मिळणार नाही म्हणालात. नियम आहे, मान्य. मग पीएचडीचा पुढचा फॉर्म माझा घ्या. एमएस्सी झालेय माझी. विषय हाच. इंग्रजी कच्चं आहे, मुलगी दहावीला आहे. तरी घ्या.

आता सगळे उभे राहूया. डोळे मिटूया. मी विचारणार आहे, आणि ह्या वेळी घड्याळ कुणी बघायचं नाही.

शैलाताई, सांगायचं काही राहिलं का?

आम्ही थांबलोय.