मला फक्त अंगणापर्यंत इंटरनेट हवं होतं

...आणि वर मलाच म्हणतात, "बाल्तासार, तुझ्यामुळे तिकडे बिल्बावमध्ये लग्न खोळंबलं!" माझ्यामुळे? माझ्यामुळे?! अहो, मी मागितलं काय होतं? बंगला? गाडी? मला फक्त अंगणापर्यंत इंटरनेट हवं होतं हो! बसायच्या खोलीत आहे ना, तेच, मागच्या अंगणापर्यंत. मधे काय आहे? स्वयंपाकघर. आणि भिंती. आता भिंतींचं तुम्हाला सांगतो... आमचं घर डोंगरातलं, माझ्या आजोबांनी दगडात बांधलेलं, आणि आजोबांना बहुतेक वाटत असावं की उद्या कोणीतरी तोफा घेऊन येणार आहे. एवढ्या जाड भिंती! त्यातून शेजाऱ्यांची भांडणंसुद्धा ऐकू येत नाहीत, तिथे वायफाय कुठून जाणार? आणि मोबाइलची रेंज म्हणाल तर ती आमच्या गावात कब्रस्तानाजवळ येते. तिथे जाऊन मुलीचं लग्न बघायचं का?

हो, लग्न! सांगायचंच राहिलं. आमची एकुलती एक रोसीओ, गेली कित्येक वर्षं स्पेनात, बिल्बावला. तिचं लग्न ठरलं, उनाई म्हणून मुलगा आहे, चांगला आहे, कमी बोलतो, आमच्या घरात तसा एक तरी हवाच होता. आता आम्हाला काही जाणं जमेना. आईला एकटं टाकून कोण जाणार, आणि आईला विमानात कोण बसवणार? आणि खरं सांगू का, रोसीओला वाढवलं आईनेच. मी आणि माझी बायको नेलिदा दोघंही शाळेत शिकवायला, पोरगी दिवसभर आजीच्या मागे-मागे. तेव्हा ठरलं काय, की लग्न इंटरनेटवरून बघायचं, मोठा टीव्ही लावून. शनिवारी, त्यांची संध्याकाळ, आमची जेवणाची वेळ. झालं, संपलं... पण नाही! आई म्हणाली, "बसायच्या खोलीत? खोलीत बसून काय मयत आहे का कुणाची? लग्न अंगणात. अक्रोडाखाली. पांढरी चादर टेबलावर, आणि तू शेगडीशी, मांस भाजायला." मी म्हटलं, आई, इंटरनेट खोलीतच येतं. म्हणाली, "मग त्याला बाहेर बोलव."

बोलव! कुत्रं आहे का ते?

आता इथे माझी चूक झाली, की मी मेहुण्याला विचारलं. एवारिस्तो. नेलिदाचा धाकटा भाऊ. माणूस सोन्यासारखा, पण त्याला राऊटर म्हटलं ना, की डोळ्यांत पाणी येतं. मी साधं विचारलं, की बाबा रे, दुसरा एखादा राऊटर आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, की पहिल्याचं इंटरनेट उचलून अंगणात फेकेल ना? "फेकेल की दाजी, पण कुणाच्या मर्जीने? कंपनीच्या! दाजी, त्या डब्याच्या आत काय चाललंय हे तुम्हाला माहीत आहे? नाही! मलाही नाही! आपण त्यातलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, काढून टाकायचं आणि आपलं घालायचं. खुलं! जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं! मग डबा तुमचा!" मी म्हटलं, विकत घेतल्यावर माझा नाही का होत? तो माझ्याकडे असं बघायला लागला, की मला माझीच दया आली. मला फक्त अंगणापर्यंत इंटरनेट हवं होतं हो!

बरं, गेलो कोर्दोबाला, स्पेनातल्या नव्हे, आमच्या इकडच्या शहरात, दुकानात. तिथला पोरगा काय गोड बोलतो! "साहेब, हा बघा, सहा अँटेना. हा बघा, आठ. ह्याच्यात खेळणाऱ्यांसाठी वेगळा मोड आहे." मी म्हटलं, माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे, ती खेळत नाही. तेवढ्यात फोन. एवारिस्तो! "दाजी, अँटेना मोजू नका. डबा उलटा करा. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय?" आता ऐका हं, गंमत काय आहे... एकच नाव, एकच खोकं, एकच चित्र, पण खाली बारीक अक्षरात आवृत्ती दोन असेल तर आपलं फर्मवेअर चालतं, आणि तीन असेल तर नाही चालत! का? तर म्हणे आतली चिप बदलली. अरे मग खोकं बदला की! नाव बदला! मी चष्मा कपाळावर, खोकी उलटी करतोय, "तीन... तीन... हाही तीन..." दुकानात रांग लागली. शेवटी म्हटलं, दोन नाहीच का एकही? पोरगा म्हणाला, "तो एक आहे साहेब, काचेत मांडलेला, पण तो जुना आहे हो." बघतो तर एका बाजूने उन्हाने पिवळा पडलेला, वर एक मेलेली माशी. एवारिस्तो फोनवर ओरडला, "तोच! तोच घ्या दाजी!" पोरगा बिचारा म्हणतो, "लोक नवा मागतात, तुम्ही शिळा मागताय." माशीसकट घेतला.

शुक्रवारी दुपारी एवारिस्तो आला. आमच्याकडे जेवण झालं की सगळं गाव आडवं होतं, त्या वेळात दार वाजवणाऱ्याला आम्ही माणूस समजत नाही. पण एवारिस्तोला तीच वेळ हवी होती. "शांतता पाहिजे, दाजी." स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, केबल, राऊटर, मधे माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा. मातेचा पेला फिरतोय, मी गरम पाणी ओततोय, आणि तो गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "आता एकच लक्षात ठेवा. मी हे बटण दाबलं की दिवा लुकलुकायला लागेल. तो लुकलुकत असेपर्यंत वीज जाता कामा नये. काहीही झालं तरी प्लगला हात लावायचा नाही. नाहीतर वीट होईल." वीट म्हणजे काय, तर मेलेल्या राऊटरला ही मंडळी वीट म्हणतात. मी म्हटलं, हात लावणार कोण? मी इथे, तू इथे, नेलिदा झोपलीय, आई झोपलीय. दाब!

दाबलं. दिवा लुकलुकायला लागला. आणि तुम्हाला सांगतो... लांब, डोंगरापलीकडे, अगदी बारीक, कुणाच्या तरी पोटात गडगडल्यासारखं... गुडगुड.

आता माझ्या आईचं सांगायला हवं. वीज कडाडली की आमची आई चार कामं करते, लहानपणापासून, एकही चुकत नाही. आरशांवर चादरी टाकते. सुऱ्या-कात्र्या खणात घालते. अंगणात राखेचा क्रूस काढून मधे कुऱ्हाड रोवते, वादळ कापायला. आणि मग घरातला प्रत्येक प्लग काढते. प्रत्येक! फ्रिज, टीव्ही, इस्त्री लावलेली असो-नसो! त्याला कारण आहे. ती लहान असताना घरावर वीज पडली आणि तिच्या वडिलांचा रेडिओ जळाला, आणि तिने आपल्या बापाला रडताना पाहिलं ते तेव्हाच. त्यामुळे आम्ही कधी काही बोलत नाही. पण एरवी आई जिना उतरायला अर्धा तास घेते हो! त्या दिवशी आरसे झाकल्याचं कळलं नाही, सुऱ्या गेलेल्या कळल्या नाहीत, अंगणातून कुऱ्हाडीचा खट्ट आवाज आला आणि एवारिस्तो म्हणाला, "हे काय?" मी वळून बघतो तर आई मागे उभी, हातात प्लग. "एवढी मोठी माणसं, आणि वादळात यंत्र चालू?"

दिवा बंद. वीट!

एवारिस्तोने तोंड हातांत लपवलं. नेलिदा उठून आली, ती मला लाडाने जाड्या म्हणते, "काय रे जाड्या, काय केलंत?" मी? मी काय केलं? मला फक्त अंगणापर्यंत... जाऊ दे. मग त्या विटेला जिवंत करायचा उद्योग. मागच्या भोकात टाचणी खुपसून धरायची, तशीच धरून वीज चालू करायची, दिवा वेगळ्या तऱ्हेने लुकलुकला की टाचणी सोडायची आणि त्याच क्षणी लॅपटॉपवरून फाइल पाठवायची. क्षण चुकला की पहिल्यापासून. टाचणी माझ्या हातात, कारण एवारिस्तो लॅपटॉपवर बोट ठेवून बसलेला. "आता सोडा! ...नाही, उशीर झाला. पुन्हा." "आता! ...लवकर सोडलीत, दाजी." नेलिदाला आईजवळ बसवलं, दोघी पत्ते खेळायला, आणि बाहेर गडगडलं की नेलिदा मोठमोठ्याने गाणं म्हणायची. शेवटी एकदाची फाइल गेली. दिवा लुकलुकला, थांबला, हिरवा झाला. एवारिस्तोने मला मिठी मारली. मी मोबाइल काढला, वायफाय शोधतो... नाहीच! म्हटलं, दिसत नाही रे. तर शांतपणे म्हणतो, "नाही दिसणार. ह्यात सुरुवातीला वायफाय बंदच असतं. सुरक्षेसाठी."

बंद! वायफायच्या डब्यात वायफाय बंद! अहो, एवढं सगळं करून बंदच हवं होतं, तर माशी बसलेली होती तसाच ठेवला असता!

पण चालू केलं. आणि कबूल करतो, शनिवारी काय दृश्य होतं! आभाळ निळंशार, ढग औषधाला नाही. अक्रोडाखाली पांढरी चादर, मी शेगडीशी, एवारिस्तो पेल्यांत फर्नेत, आमची कडू दारू, ओततोय, अर्ध्या गल्लीतली माणसं, आणि टीव्हीवर रोसीओ, इतकी स्वच्छ की कानातले डूल मोजावेत. आईने नवा निळा झगा घातलेला, पहिल्या खुर्चीवर. तिकडे लग्न लावणाऱ्या अधिकारी बाई कागद वाचत होत्या. उनाई "हो" म्हणाला. मग बाई रोसीओकडे वळल्या. मी चिमटा खाली ठेवला. नेलिदाने माझा हात धरला. रोसीओने तोंड उघडलं...

गुडगुड!

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. निळं! एक ढग नाही! वीज कडाडली होती बिल्बावमध्ये! आवाज आमच्या टीव्हीतून आला! आणि आम्ही वर बघेपर्यंत टीव्ही काळा, आणि पहिली खुर्ची रिकामी.

स्वयंपाकघरात आई, हातात प्लग. मी म्हटलं, आई! वीज स्पेनात पडली! आई म्हणाली, "म्हणून काय झालं? पोरगी तिथेच उभी आहे ना?"

लावला परत प्लग. दिवा लुकलुकायला लागला. एवारिस्तो पुटपुटतोय, "वीट होऊ नको, बाई, वीट होऊ नको." नेलिदा रडायला लागली, "माझ्या पोरीचं 'हो' गेलं ऐकायचं." सगळं लग्न बघितलं आणि तेवढंच नाही बघितलं. दिवा लुकलुकतोय, लुकलुकतोय... हिरवा! टीव्ही लागला. बघतो तर रोसीओ तशीच उभी. उनाईला घाम फुटलेला, अधिकारी बाई घड्याळ बघतायत, मागे दुसरं जोडपं ताटकळलेलं. रोसीओ म्हणाली, "आलात? मी सांगितलं सगळ्यांना, आमच्या घरी आजीने प्लग काढलाय. तो परत लागेपर्यंत मी हो म्हणणार नाही."

आई टीव्हीजवळ गेली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच. "म्हण की मग लवकर. इकडे मांस करपतंय."

म्हणाली हो. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, आमच्या अंगणात, अक्रोडाखाली.

आता सगळे मला नावं ठेवतात, बिल्बावचे पाहुणे अजून निरोप पाठवतात. मला फक्त अंगणापर्यंत इंटरनेट हवं होतं, आलं, मी खूश. एवारिस्तो मात्र हार मानणारा नाही. रविवारी एक मोठी बॅटरी घेऊन आला, राऊटरला जोडली, आणि आईला समजावलं, "मावशी, आता तुम्ही भिंतीतला प्लग खुशाल काढा, हा चालूच राहणार." आईने सगळं नीट ऐकून घेतलं, बॅटरीभोवती एक फेरी मारली, आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पोरा, ह्याचं काय काढायचं?"

...दाखवलं. करणार काय?