गळक्या नळाचा विभाग

नाही, पण मी म्हणतो, नळ गळत असेल तर माणसानं काय करावं? वायसर बदलावा! बरोबर? साफ चूक! तुम्ही विद्यापीठात नोकरी केलेली नाही, म्हणून असं म्हणताय! तुम्हाला सांगतो, आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला नळ गळत होता, मी आपला साधेपणानं सांगायला गेलो, एक वायसर तेवढा द्या... तर कुलसचिव एकदम गंभीर! 'सर, हा नुसता नळ नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे!' झालं! जलबचत विभाग निघाला! एक संचालक, एक उपसंचालक, उपसंचालकाला मदतनीस, मदतनिसाला शिपाई... आणि प्लंबर? छे हो, ते पद मंजूर नाही! बोलायची सोय नाही!

बरं, एवढी मंडळी बसणार कुठे? तर म्हणे प्रयोगशाळेतच, प्रश्नाच्या जवळ! मी म्हटलं, अहो, आणि माझी मुलं? तर खोलीचा वापर बघायला समिती आली. कधी? ऐन सुट्टीत! रिकामी बाकं बघितली आणि शेरा मारला, 'विद्यार्थी शून्य'! गेली प्रयोगशाळा! आता तिथे सोफा, गालिचा, आणि गालिचा भिजू नये म्हणून नळाखाली नक्षीदार कुंडी! वायसर? अभ्यास चालू आहे! बोलायची सोय नाही!

आणि माझे प्रयोग? फळ्यावर! मी खडूनं परीक्षानळी काढतो, म्हणतो, 'समजा, निळं झालं.' पोरं म्हणतात, 'झालं, सर!' परवा एक मुलगी मागे थांबली, रडवेली... 'सर, प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलीय, आणि मी अजून खरी परीक्षानळी हातातसुद्धा धरलेली नाही.'

तिरमिरीत उठलो, पदरचा वायसर आणला, पाना घेतला, म्हटलं नळ बंद तर विभाग बंद, विभाग बंद तर प्रयोगशाळा परत! घुसलो आत, पाना लावला, आता फिरवणार... तोच मागून, 'भाऊजी!' बघतो तर उपसंचालक! उपसंचालक म्हणजे कोण? आमच्या हिचा धाकटा भाऊ! कित्येक वर्षं घरी बसून होता बिचारा, आत्ता कुठे चिकटलाय! 'भाऊजी, मी अजून कायम व्हायचोय हो! नळ थांबला तर माझं काय? आणि ताईला काय सांगू?' ताईला! म्हणजे पुन्हा घरी... तिथे तर मुळीच बोलायची सोय नाही!

काय करता! पाना लावलेलाच होता... उलटा फिरवला. आता चांगली धार लागलीय.