कच्चा टाका

—काढून टाकू? हा खिसा? अगं, पण दिसतोय कुठे तो? वळ जरा, आरशात बघ... आहे का कुठे फुगवटा? मग मिस्टरांना कसा कळला? चाचपून बघितलं असेल. असू दे, मी काही म्हणत नाही. आणि तुला अगंतुगं करते हं, राग मानू नकोस, लेकीच्या वयाची आहेस. हो, तू सांगितलं नव्हतंस, खरंय. कुणीच सांगत नाही. माझ्या हातून बाईचा कपडा गेला की आत, कमरेपाशी, एक खिसा जाणारच — त्याचे पैसे लावत नाही, उरल्यासुरल्या अस्तरात होतो तो. का म्हणजे? बाईकडे स्वतःचे चार पैसे नकोत? पर्समध्ये काय, घरातलं कुणीही हात घालतं. इथे घालायचा तर आधी तिला विचारावं लागतं.

बस स्टुलावर, बदलून आलीस ना? उसवायला वेळ लागतो. नवरा गेला ना माझा, त्या दिवशी दवाखान्यातून घरी यायला माझ्याकडे दमडी नव्हती. दिराच्या पुढे हात पसरला. तो पसरलेला हात अजून डोळ्यांपुढून जात नाही बघ — त्यानंतर कुणाची चेन बदल, कुणाच्या बाह्या आखूड कर, असं करत करत हे दुकान घेतलं. माझ्या नावावर! सहीआधी कागद इतक्यांदा वाचून घेतला की वकील म्हणाले, बाई, आधी पाणी प्या.

लेकीला मात्र सुई धरू दिली नाही. शीक म्हटलं. शिकली, नोकरीला लागली, पगार माझ्या कमाईच्या कितीतरी पट — आणि कार्ड कुठे? नवऱ्याच्या पाकिटात. माझ्याकडे यायचं तर बसभाड्याला सुटे मागून यायची. मी म्हणायची, अगं, पैसे तुझेच ना? तर हसायची. म्हणायची, आई, हिशेब त्यांना जमतो गं. हसायची म्हणून मला वाटायचं, सुखात आहे. आई काय, लेक हसली की भरून पावते.

तिचे सगळे कपडे मीच शिवायची. आता बघ, खिशाच्या तोंडाला मी कच्चा टाका मारून देते, इस्त्रीत ते वासू नये म्हणून — वापरायला काढला की दोरा ओढायचा, सुटतो. गेली ती... ताप आला नि आठवड्यात गेली. जावयांनी कपड्यांचं गाठोडं इथे आणून दिलं. मी एकेक कपडा उलटा करून बघितला. टाके जसेच्या तसे गं! एकही दोरा ओढलेला नाही. एवढ्या वर्षांत एकही नाही. ती गेली तेव्हा रडले नसेन एवढी त्या दोऱ्यांवर रडले मी.

काय? दुकान विकतेय? बाहेरची पाटी वाचलीस होय. मी कुठली विकणार! दुकान लेकीच्या नावावर करून दिलं होतं मी, जिवंतपणीच. वकील म्हणत होते, मृत्युपत्र करा, घाई कशाला? पण मी महाशहाणी — म्हटलं, नको, मी गेल्यावर दीर टपलेलेच आहेत, पोरीला कोर्टकचेऱ्या नकोत. सगळ्यांचा विचार केला मी. दिरांचा, पुतण्यांचा, माझ्या मरणाचा. तिच्या मरणाचा कोणती आई करेल गं? पोरबाळ नाही, मग तिचं ते नवऱ्याचं झालं. कायद्यानं बरोबरच आहे. आणि वाईट नाही हं वागत ते, उगाच कशाला बोलू! म्हणाले, आई, महिनाअखेरपर्यंत खुशाल बसा. बसा म्हणाले मला. इथे. म्हणून तर तुझा फोन आला तशी तुला आजच ये म्हटलं, आजच संपतोय महिना.

काय म्हणालीस? राहू दे? नको काढू? अगं, पण मिस्टर —

थांब. गाडी जावयांचीच. घे, पिशवीत घाल ड्रेस. पैसे राहू देत गं, घाल लवकर — या, या ना जावईबापू! पंखा लावते. नाही हो, कुणी नाही, गिऱ्हाईक आहे. निघाल्याच त्या. या हं ताई तुम्ही... हो, हो, किल्ल्या इथेच आहेत, दोन्ही. सगळं आवरून ठेवलंय. फक्त ते — मशीन तेवढं नेलं तर चालेल ना मी?