तरसाचं नाव भुवनेश्वरी

...आणि मला सांगा, एवढ्या मोठ्या देशात तरसाच्या मादीला द्यायला दुसरं नाव मिळालं नाही का हो? भुवनेश्वरी! पिंजऱ्यावर पाटी, पाटीवर हे एवढं मोठं अक्षर आणि पाटीसमोर आमच्या सासूबाई, गिरिजाबाई, तोंडाला पदर लावून उभ्या... कारण दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून हेच नाव मला द्यायचं ठरलं होतं!

थांबा, नीट सांगते. लग्नाला तेव्हा वीस दिवस झाले होते. माहेर सास्तूर, सासर जळकोट, नाव दैवशाला. हे माझ्या आत्याचं नाव. त्र्याण्णवच्या भूकंपात ती गेली, शाळकरी पोर. आजोबांनी ते नाव नऊ वर्षं कुणाला दिलं नाही, मग मला दिलं. आणि सासूबाई म्हणतात, "दैवशाला? कुण्या म्हातारीचं वाटतंय. मठात इचारलंय म्या, 'भ' अक्षर निघालंय." मी आपली गप्प. नव्या सुनेनं बोलायला कितव्या दिवसापासून सुरुवात करायची असते, हे तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं का?

तर त्या रविवारी मामंजी, म्हणजे सासरे, म्हणाले, "नळदुर्गच्या पुढं प्राणिसंग्रहालय झालंय. नवी जनावरं आलीत म्हणं. सूनबाईला दाखवू." निघालो. आमचे हे गाडी चालवतायत, सासूबाई उद्याच्या ताटाचं बोलतायत, मी मागं बसून दैवशाला, दैवशाला असं मनातल्या मनात घोकतेय... जणू परीक्षाच आहे!

आत गेलो, तर वीरभद्र नावाचा रखवालदार पिंजऱ्याशी उभा राहून किती मायेनं हाक मारतोय, "भुवनेश्वरीऽऽ! ये माय, ये!" आणि आतून आली ना ती! पाठ उतरती, अंगावर पट्टे, मानेवरचे केस ताठ...

"अय्यो शिवा!" सासूबाई दोन पावलं मागं. "ओ दादा, हिचं नाव बदला की!"

"बदलता येत न्हाय, मावशी. तरसं राहिलीत किती? माळरानं गेली, हायवेवर गाडीखाली येतेत, लोक विष घालतेत. म्हणून कर्नाटकातनं ही जोडी आणली, पिल्लं व्हावीत म्हणून. हिचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, समदं देशाच्या वहीत लिहिलंय. उद्या कुठं बी धाडली तरी नाव हेच. न्हायतर चुकून भावाबहिणीचीच जोडी लागंल की!"

"म्हंजे सोयरीक जुळवणंच की हे!" मामंजी खूश.

"आन् नाव बदललं तर बावरती बिचारी. खाणं सोडती."

ऐकलंत? तरस बावरतं! इथं मी वीस दिवस दीड भाकरीवरून अर्धीवर आलेय, त्याची वही कुणाकडं आहे?

सासूबाई मात्र हार मानतात होय? "जाऊ द्या. शिवप्रिया ठेवू."

"अस्वलीण हाय, मावशी. त्या कोपऱ्यात."

"मग जाई!"

"हरणी."

"तारामती?"

"बिबट्याची मादी. गेल्या आठवड्यातच आली. लई चिडकी हाय."

वर आमचे हे! "आई, उद्या कुणी पाटीचा फोटो काढून पाव्हण्यांच्या ग्रुपवर टाकला, म्हंजे?" सासूबाईंना घाम फुटला. गावातली चांगली चांगली नावं सगळी पिंजऱ्यात जाऊन बसलेली! आणि मला वाटलं, की आता ह्या कुठलं तरी भलतंच नाव काढणार आणि ते नेमकं मोकळं निघणार...

तेव्हा मला काय झालं कोण जाणे. जीभ आपोआप सुटली.

"दैवशाला आहे का हो कुठं?"

सगळे माझ्याकडं वळले. वीस दिवसांत माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला असावा त्यांनी. वीरभद्रनं टोपी काढली, डोकं खाजवलं, वर पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं...

"न्हाय बा. असलं नाव एका बी जनावराला न्हाय."

"मग तेच राहू द्या!" सासूबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "उगं कशाला इषाची परीक्षा?"

सोमवारी ताटात दैवशाला लिहिलं. आजोबांना फोन केला, ते "बरं झालं" म्हणाले आणि घाईनं फोन ठेवून दिला. म्हटलं, जिंकलो!

त्याला आता महिना झाला. मामंजी म्हणतात 'सूनबाई'. सासूबाई म्हणतात 'अगं ए'. आमचे हे तर हाकच मारत नाहीत, नुसते दारात येऊन खाकरतात. नावाचं संवर्धन झालंय हो, अगदी व्यवस्थित झालंय... फक्त वापरात नाही, एवढंच!