शंभर यार्डांवरची ताटली

...आणि वर मलाच म्हणते कशी, "आई, तुझ्या भल्यासाठीच चाललंय ना सगळं!" माझ्या भल्यासाठी! अहो बायांनो, जिला मी चमचा धरायला शिकवला ती पोटची पोर माझ्या ट्रकची किल्ली मागते! कशावरून? तर टपालपेटीला धक्का लागला. चाळीस वर्षं ती पेटी तिथे उभी, चाळीस वर्षं मी तिच्या शेजारून जाते, एकदा लागला धक्का... बरं, दोनदा. पण दुसऱ्यांदा ती आधीच आडवी पडली होती, ते धरायचं नाही!

तर आमच्या डार्लीननं काय काढलं? म्हणाली, "शनिवारी वायनोकाकाच्या रानात जाणारच आहोत, शिकारीआधी बंदुकांचा नेम जुळवायला. तिथे सगळ्यांसमोर तीन गोळ्या मार. तिन्ही निशाणाच्या ताटलीत लागल्या तर किल्ली तुझी. नाही लागल्या तर किल्ली मला द्यायची, आणि बर्फ पडायच्या आत गावात माझ्याकडे राहायला यायचं." राहायला म्हणजे कुठे? शिलाईच्या मशीनच्या खोलीत! मशीन हलवणार नाही म्हणे, मी तिच्या शेजारी मावेन! अहो, माझं घर गावापासून नऊ मैल, ट्रक गेला की घर गेलं, लाकडाची चूल गेली, माझ्या नवऱ्यानं, आर्वोनं, मरायच्या वर्षी बांधलेली वाफेची न्हाणी, ती सौना गेली. पण मी म्हटलं, "चालेल." आता मी काही घाबरणारी बाई नाही, तुम्हाला सांगते. ओसरीवर अस्वल आलं तेव्हा झाडू घेऊन बाहेर कोण गेलं होतं? आणि कोठीत कोण लपलं होतं? देव त्याला शांती देवो, पण आर्वोच!

फक्त एक गोष्ट मी डार्लीनला बोलले नव्हते. उन्हाळ्यापासून माझ्या उजव्या डोळ्यापुढे कुणी ताक ओतून ठेवल्यासारखं झालंय. डावा ठणठणीत! पण उजव्या खांद्याची बंदूक डाव्या डोळ्यानं कशी लावायची? पन्नास वर्षांची सवय, मान वळतच नाही. आठवडाभर झोप नाही हो मला. सकाळी उठायचं, उजवा डोळा उघडायचा, खिडकीतून लाकडाची रास दिसते का बघायचं. एके दिवशी दिसली. आनंदानं उठले. जवळ जाऊन बघते तर ती वाळत घातलेली चादर होती.

शनिवार उजाडला. वायनो म्हणजे माझा धाकटा दीर, एक्याऐंशीचा, चाळीस एकर रानाचा मालक. त्याच्या झोपडीच्या भिंतीवर अख्ख्या घराण्याच्या सदऱ्यांचे तुकडे खिळ्यांना लटकतात. हरणावर नेम चुकला की मागून सदरा कापायचा, नाव लिहायचं, ठोकायचा. माझा तुकडा तिथे नाही. एकही नाही! गेल्या गेल्या वायनो म्हणतो, "काय वहिनी, आज कात्रीला धार लावून ठेवलीय हं!" मी म्हटलं, "तुझ्याच सदऱ्याला लागेल ती, तुकडे मोज आधी!" हसले सगळे. मीही हसले. कॉफी सांडली माझ्या हातून. थंडी होती म्हणून.

आणि जावई गॅरी! दक्षिणेकडच्या शहरातला, विमा विकतो, शिकार मोबाइलवर शिकलाय. गळ्यात शिट्टी, हातात मोजपट्टी. "आई, नियम क्रमांक एक, बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं." अरे, तुझा बाप पाळण्यात होता तेव्हापासून माझी भरलेली आहे!

समोर शंभर यार्डांवर दोन फळ्या, प्रत्येक फळीवर एक कागदी ताटली. डावीकडची वायनोची, उजवीकडची माझी. गॅरी म्हणाला, "काका, आई, दोघं एकदमच सुरू करा." मी कानांवर ते जाड झाकण चढवलं, आणि तुम्हाला सांगते, ते चढवलं की बाहेरचं सगळं बंद होतं आणि आपलंच काळीज ऐकू यायला लागतं... धाड, धाड, धाड... मला वाटलं, वायनोनं सुरूसुद्धा केलं! नळीवरून पाहिलं. पांढरं धुकं. फळी नाही, ताटली नाही. विचारावं का कुणाला, "माझी कुठली गं?" विचारलं की संपलं! शिलाईची खोली! मग धुक्यात एक ठिपका दिसला, बाकीच्यापेक्षा जरा पांढरा. एकच. म्हटलं, तोच असणार, दुसरं आहे काय दिसण्यासारखं? श्वास धरला. एक. दोन. शेजारी वायनोची तोफ असली दणाणली की माझे दात वाजले. तीन. आता मी काही घाबरणारी बाई नाही, पण तिसऱ्या गोळीनंतर तोंडातून "आमेन" निघून गेलं हो, चांगलं मोठ्यानं!

शिट्टी झाली, बंदुका रिकाम्या करून खाली ठेवल्या. चाललो सगळे फळ्यांकडे. शंभर यार्ड! लग्नात चर्चच्या दारापासून आर्वोपर्यंत चालले होते, तेव्हासुद्धा इतकी लांब वाट नव्हती. पोचलो. माझी ताटली देवदाराच्या गर्द सावलीत. कोरी! त्यात वाढून जेवावं इतकी कोरी! आणि वायनोची स्वच्छ उन्हात, आणि तिच्यात तीन भोकं, मुरंब्याच्या बरणीच्या झाकणाखाली झाकतील इतकी जवळजवळ. गॅरी नाचायला लागला, "काका! एक्याऐंशीव्या वर्षी! ससाण्याचा डोळा!" आणि डार्लीन हळूच म्हणाली, "आई..." तो आवाज! दवाखान्यात बोलतात तो.

मी भोकांकडे बघते. बारीक. पेन्सिलीचं टोक जाईल एवढी. अहो, माझ्या बंदुकीची भोकं मी ओळखणार नाही? वायनोची तोफ करंगळी जाईल एवढं भोक पाडते! माझी होती ती. तिन्ही माझी! ओरडणारच होते मी... काय सांगणार होते? की मी दुसऱ्याच्या ताटलीवर मारलं? मग नुसता ट्रक नसता घेतला, चूलसुद्धा विझवून नेली असती!

तेवढ्यात वायनो पुढे झाला. नाक ताटलीला लावलं. करंगळी भोकात घालायला गेला. जाईना. दुसऱ्या भोकात. जाईना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा पांढरा की मला वाटलं, हा आता इथेच बसतोय. आणि मग तो नालायक माणूस खाकरला आणि म्हणाला, "हं... वाऱ्यानं जरा डावीकडे गेल्या."

वाऱ्यानं!

डार्लीननं तळवा पुढे केला. दिली किल्ली. काय करता? तोवर गॅरीला कल्पना सुचली. "हे बघ डार्लीन, काका आईंच्या घरापासून अर्ध्या मैलावर राहतात. त्यांची नजर अशी! ट्रक काकांकडे ठेवू, आईंना कुठे जायचं तर तेच नेतील. मग आई घरीच राहू देत." डार्लीननं विचार केला, किल्ली वायनोच्या हातात ठेवली. घर वाचलं माझं. मी हसायचं की रडायचं?

ते दोघं त्यांच्या गाडीनं गेले. वायनो माझ्या ट्रकमध्ये, माझ्या जागेवर चढून बसला. किल्ली लावायची जागा बोटांनी चाचपली. मग म्हणतो, "वहिनी, मला फळीच दिसली नव्हती. टेकडी दिसत होती, टेकडीला मारल्या. पण पोरांना कळलं असतं तर रान विकायला लावलं असतं गं." मी म्हटलं, "मला ते करंगळीपासूनच ठाऊक आहे, मेल्या. चल आता." तो म्हणाला, "चलतो. फाटक कुठल्या बाजूला आहे?"

तेव्हापासून असं चाललंय. तो चालवतो, मी डाव्या डोळ्यानं बघते. "डावीकडे, वायनो. थांब, वायनो. उजवं म्हटलं मी, वायनो!" परवा चर्चच्या वळणावर म्हणतो, "वहिनी, ही गाय रस्त्यात का उभी?" गाय नव्हती हो, आपल्या पाद्रीबाई होत्या, नवा तपकिरी कोट घालून! तुमच्याखेरीज बोलता आलं का मला कुणाला? पोरांना कळलं तर त्याचं रान जातं, माझं घर जातं. आता मी काही घाबरणारी बाई नाही... पण रोज जाताना बायबल मांडीवर घेते.

हा बघा, हॉर्न वाजला. आला न्यायला. वेलचीचा पाव छान झाला होता, येते मी. आणि बायांनो, बाहेर कुणाकुणाच्या गाड्या उभ्या आहेत? जरा लवकर बाजूला घ्या.