दोरीवरची गाठ

गरम पाण्याच्या टबांच्या दुकानात माझ्या शेजारच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं.

“आठ महिन्यांत हे पाचवं दुकान. ह्या विक्रेत्यानंही आधी रंगीत दिवेच दाखवले!”

“आणि टबाची कड किती उंच ते विचारलं, तर म्हणे साहेबांना विचारून कळवतो.”

“कळवतोय कसला! दोरी दे इकडे. तुझा पाय जिथवर वर जातो तिथं गाठ मारलीय ना? मीच मापतो.”

आजोबा दोरी घेऊन टबाजवळ जाऊन आले.

“अगं, कड बरोब्बर गाठीला लागतेय! घेऊन टाकू.”

“अहो, ती गाठ पहिल्या दुकानाच्या वेळची. आताची चार बोटं खाली आहे, बघा.”

“ही कधी मारलीस? बोलली नाहीस.”

“तुम्ही इतक्या हौसेनं फिरत होतात.”